कोल्हापुरात हमिंगबर्ड येतात का? फीडर कुठं आणि कसा लावायचा?

कळंबा_रोड:

नमस्कार मंडळी, पक्ष्यांतलं मला फारसं कळत नाही, पण मनापासून विचारायचंय. मुलगा न्यू जर्सीला असतो, मागच्या उन्हाळ्यात आम्ही दोघं तिकडं गेलो होतो. त्याच्या शेजारच्या बाईंनी अंगणात लाल रंगाचा फीडर टांगलेला, आत साखरेचं पाणी, आणि त्यावर हमिंगबर्ड यायचे. अंगठ्याएवढा जीव, पंख तर दिसतच नाहीत, हवेत एका जागी उभा राहून चोच आत घालतो आणि झालं की चक्क मागं मागं सरकतो. मला इतकं वेड लागलं की निघताना मुलानं तसाच एक फीडर बॅगेत घालून दिला.

आमच्या घरापुढं थोडी बाग आहे. लाल जास्वंद, डाळिंब, कढीपत्ता, पेंटास, मागं शेवगा. जास्वंदीवर सकाळी एक बारका काळा पक्षी येतो, ऊन पडलं की निळा-जांभळा चमकतो, चोच लांब आणि खाली वाकलेली. सासूबाई म्हणतात हे पाखरू पहिल्यापासूनच येतंय. शिवाय दिवेलागणीच्या आधी पेंटासवर अजून एक काहीतरी येतं, ते तर हुबेहूब हमिंगबर्डसारखं हवेत थांबतं आणि भुर्र आवाज करतं, फोटो काढायला गेलं की नुसता धब्बा येतो.

तर हे दोन्ही हमिंगबर्डच का? फीडर लावला तर येतील का? साखरेऐवजी आपला गूळ चालेल का, म्हणजे घरात चांगला केमिकल नसलेला गूळ असतो म्हणून विचारते. आणि त्यांच्यासाठी कुठली झाडं लावावीत? थोडं सविस्तर सांगितलंत तर बरं होईल.

पाखरनाद:

ताई, आधी सगळ्यात महत्त्वाचं. हमिंगबर्ड फक्त अमेरिकेत, म्हणजे उत्तरेला अलास्कापासून खाली दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत. त्यांच्या ३५० च्या वर जाती आहेत पण भारतात एकही नाही, त्यामुळं फीडर कितीही चांगला असला तरी हमिंगबर्ड कोल्हापुरात येणार नाही. गंमत म्हणजे जर्मनीत त्यांचे सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म सापडलेत, २००४ साली ते जगापुढं आले, म्हणजे कधीकाळी ते युरोपात होते. आज मात्र तिकडंही नाहीत.

तुमच्या जास्वंदीवर येतो तो शिंजीर. काही जण सूर्यपक्षी म्हणतात, इंग्रजीत सनबर्ड. वर्णनावरून जांभळा शिंजीर, नर. सावलीत अगदी काळा दिसतो, ऊन लागलं की निळा, जांभळा, मधेच हिरवट. मादी बघितली तर तुम्हाला वाटेल दुसराच पक्षी आहे, वरून मातकट आणि पोटाला फिकट पिवळी. अजून एक सांगतो, विणीचा हंगाम झाला की नर पण तो काळा कोट उतरवतो आणि मादीसारखा दिसायला लागतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत मधोमध एक काळी रेघ राहते. लोकांना वाटतं आमचा काळा पक्षी कुठं गेला, तो तिथंच असतो हो.

दुसरा आपल्याकडं घराजवळ दिसणारा म्हणजे जांभळ्या पाठीचा शिंजीर. त्याचं पोट पिवळंधमक, पाठ तांबूस, शेपटीच्या वर जांभळा पट्टा, गळा जांभळा. हा वर्षभर तसाच दिसतो. सह्याद्रीच्या जंगलात, म्हणजे दाजीपूर, आंबा घाटाच्या बाजूला गेलात तर लाल पाठीचे शिंजीर पण बघायला मिळतात, ते सहसा शहरात येत नाहीत.

हमिंगबर्ड आणि शिंजीर दिसायला एकमेकांचे भाऊ वाटतात पण नातं अजिबात नाही. हमिंगबर्डचे जवळचे नातेवाईक म्हणजे पाकोळ्या, इंग्रजीत स्विफ्ट म्हणतात ते पक्षी. शिंजीर हा चिमण्या-बुलबुलांच्या मोठ्या गटातला. दोघांनी वेगवेगळ्या खंडात राहून फुलातला मध पिण्याचा एकच धंदा धरला म्हणून लांब चोच, नळीसारखी जीभ, चमकदार रंग हे सगळं सारखं झालं. फरक बघायचा तर बसण्यात बघा. हमिंगबर्ड हवेत तरंगत पितो, शिंजीर शक्यतो फांदीवर, देठावर बसून पितो, क्षणभर पंख फडफडवत थांबतो कधीकधी, पण ते त्याला परवडत नाही. आणि एकदा जास्वंदीजवळ गुपचूप उभ्या राहून बघा, तो बऱ्याचदा फुलाच्या तोंडातून आत शिरतच नाही. बाहेरून बुडाशी, हिरव्या भागाजवळ चोच खुपसतो आणि तिथूनच मध ओढतो. फुल खुडून बघितलंत तर बुडाशी बारीक चीर दिसेल.

संध्याकाळचं ते भुर्र करणारं पक्षीच नाही, तो पतंग आहे. हॉकमॉथ म्हणतात. पुढं दोन मिशा दिसतात का आणि तोंडापुढं चोचीऐवजी तारेसारखी लांब सोंड आहे का बघा. भारतात "हमिंगबर्ड दिसला" म्हणून जे व्हिडिओ फिरतात ते एकतर शिंजीर असतात नाहीतर हा पतंग. त्याला मारू नका, रात्रीच्या फुलांचं परागीकरण करणारे हेच लोक.

एडिसन_ते_शाहूपुरी:

मी मूळचा शाहूपुरीचा, बरीच वर्षं न्यू जर्सीत. आमच्या डेकवर फीडर असतो म्हणून तिकडची बाजू सांगतो, तुमच्या मुलाला पण उपयोगी पडेल.

आमच्याकडं येतो तो रुबी-थ्रोटेड, पूर्व अमेरिकेत अंडी घालणारा हा एकच हमिंगबर्ड. वजन ३ ग्रॅमच्या आसपास, पंख सेकंदाला ५० एक वेळा हलतात. एप्रिलच्या शेवटी यायला लागतात आणि सप्टेंबर संपेपर्यंत बहुतेक गेलेले असतात, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत हिवाळा काढतात. त्यातले बरेच मेक्सिकोच्या आखातावरून कुठंही न थांबता ८०० किलोमीटरच्या आसपास उडत जातात, एवढ्याशा जीवाला हे कसं जमतं हे मला अजून नवल वाटतं. जायच्या आधी खाऊन खाऊन अंगावर चरबी चढवतात, म्हणून सप्टेंबरमध्ये फीडर काढून ठेवू नये. फीडर राहिला म्हणून ते जायचे थांबत नाहीत, ही लोकांची उगाच भीती आहे.

पाणी करायचं माप एकच, १ वाटी साधी पांढरी साखर आणि ४ वाट्या पाणी. फुलातला मध साधारण एवढाच गोड असतो. पाणी गरम करून साखर विरघळवायची, पूर्ण गार करायचं, उरलेलं फ्रिजमध्ये. लाल रंग अजिबात घालायचा नाही, फीडर लाल आहे तेवढं बास. मधमाशीचा मध घालायचा नाही, पाण्यात कालवला की लवकर आंबतो आणि बुरशी धरतो. आणि कळंब्याच्या ताई, तुमच्या गुळाच्या प्रश्नाचं उत्तर पण इथंच आहे, गूळ नको. ब्राउन शुगर, काकवी, गूळ यात लोह असतं, माणसाला ते चांगलं पण ह्या पक्ष्यांच्या शरीरात ते साठत जातं. शुगर-फ्री पुड्या तर नकोच, त्यात ताकदच नसते.

उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी पाणी बदलायचं आणि फीडर गरम पाण्यानं, बाटलीच्या ब्रशनं आतून घासायचा. पाणी ढगाळ दिसलं की ते गेलं समजा. ज्याला हे नेमानं जमणार नाही त्यानं फीडर लावूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. आंबलेलं पाणी देण्यापेक्षा दोन कुंड्या फुलांच्या ठेवा. आणि नुसत्या साखरेवर ते जगत नाहीत, चिलटं, बारके कोळी हे पण लागतात, पिल्लांना तर जास्तच.

शिरोळचा_शेतकरी:

आवो ताई, बाटलीचं ऱ्हाऊ दे, आमच्यात या शिंजीर बघायला. बांधावर हादगा हाय, परड्यात केळी हाईत, शेवगा हाय. हादग्याला फुलं आली की सकाळच्याला झाडावर नुसती चिवचिव. केळफुलाचं एक पान उचललं की खालची फुलं उघडी पडत्यात, त्यात मध इतका असतो की बोटाला चिकटतो, शिंजीर उलटं लटकून पितोय. मी लई बारकाईनं बघितलंय, घड धरला तरी केळफूल लगेच तोडत न्हाई त्याच्यासाठी.

आजून एक सांगतो, आंब्यावर बांडगूळ येतं न्हवं, त्याची नळीसारखी फुलं शिंजराला लई आवडत्यात. आणि त्याची फळं खातोय तो फुलटोचा, शिंजरापेक्षा बारका. त्याच्या पोटातनं बी पडतंय, चिकट असतंय, फांदीला चिकटून दुसरं बांडगूळ उगवतंय. झाडाला तरास होतो म्हणून मी बांडगूळ काढतो पण बांधाकडच्या जुन्या आंब्यावरचं तसंच ठेवलंय.

आणि एक हात जोडून सांगणं हाय. फुलावर औषध मारू नका. गुऱ्हाळाशेजारी ऱ्हातो, गोडाला किती जीव येत्यात ते रोज बघतोय. फुलात विष गेलं की तेच मधमाशीच्या आणि शिंजराच्या पोटात.

कळंबा_रोड:

सगळ्यांचे मनापासून आभार, किती नवीन कळलं! सासूबाईंना शिंजीर म्हटल्यावर त्या म्हणाल्या मग इतके दिवस मी काय सांगत होते. पतंगाचं पण खरं निघालं, काल टॉर्च मारून बघितलं, दोन मिशा आहेत.

आता दोन-तीन गोष्टी विचारते. एक, फीडर शिंजिरासाठी लावला तर चालेल का, आणलाय म्हणून विचारते. दोन, जास्वंदीला कायम तो पांढरा कापसासारखा रोग असतो, औषध मारायचं नाही तर करायचं काय. तीन, आमच्या गाडीच्या आरशावर तो काळा पक्षी सारखा टोचा मारतो, आरसा घाण करून ठेवतो, त्याला लागत तर नसेल ना? आणि पोर्चमध्ये बल्बच्या वायरला कचऱ्यासारखं काहीतरी लोंबायला लागलंय, झाडूनं काढणार होते पण म्हटलं आधी विचारावं.

पाखरनाद:

वायरचं काढू नका! फोटो टाकलात तर खात्रीनं सांगता येईल, पण बहुतेक घरटं आहे. शिंजिराचं घरटं मुद्दाम कचऱ्यासारखंच दिसतं. मादी एकटी बांधते, नर आसपास गात फिरतो. कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी वाळकी पानं, सालीचे तुकडे, सुरवंटांची विष्ठा, कागदाचे कपटे असलं काय काय चिकटवते, आकार लांबट पिशवीसारखा, बाजूला गोल दार आणि दारावर पुढं आलेलं छोटं छप्पर. आतून सावरीचा कापूस किंवा असलंच मऊ काहीतरी. बहुतेक २ अंडी घालते, १५-१७ दिवसांत पिल्लं बाहेर येतात, आणि ती उडायला अजून दोन आठवडे धरा.

तोपर्यंत तो बल्ब लावू नका, दार जोरात आपटू नका, मोबाईल घरट्याच्या तोंडाशी नेऊन फोटो काढू नका. घरट्यात बोट घालून बघायचा मोह लहान मुलांना होतो, त्यांना समजावून सांगा. आणि कोपऱ्यातली कोळ्याची जाळी एवढे दिवस तशीच ठेवली तर तिला घरटं बांधायला सामान मिळतं आणि पिल्लांना कोळी. सणाला घर झाडायचं असेल तर पोर्च सोडून झाडा.

आरशाचं सोपं आहे. त्याला आरशात दुसरा नर दिसतो, हद्दीत घुसलाय असं वाटून भांडतो. विणीच्या दिवसांत फार करतात, तासन् तास. लागत फारसं नाही पण दमतो आणि बायकोपोरांकडं बघायचं सोडून तिथंच अडकतो. गाडी उभी केली की आरसे आत वळवा नाहीतर जुना मोजा चढवून ठेवा. खिडकीच्या काचेवर करत असेल तर बाहेरून वर्तमानपत्र चिकटवा.

गच्चीवरची_बाग:

झाडांबद्दल मी सांगते, माझी गच्ची राजारामपुरीत आहे, जमीन एक फूटभर पण नाही, सगळं कुंड्या आणि ड्रममध्ये. तरी शिंजीर रोज.

माझं म्हणणं एवढंच की वर्षातला कुठलाही महिना फुलांशिवाय जाता कामा नये. एकदम दहा झाडं आणून लावली आणि सगळी मार्चमध्ये फुलून मोकळी झाली तर पक्षी पण मार्चपुरताच येणार. कणा म्हणजे हमेलिया. शेंदरी नळीसारखी फुलं, जवळजवळ बारा महिने, ड्रममध्ये मस्त वाढतो, छाटला की अजून फुलतो. बघा ना योग, हमेलिया मूळचा अमेरिकेतला, तिकडं हमिंगबर्ड त्याच्यावर येतात, इकडं तेच काम शिंजीर करतो. रसेलियाचं पण तसंच, मेक्सिकोचा, लाल बारीक फुलांच्या झिपऱ्या लोंबतात, कठड्यावरून सोडायला छान. हे दोन आणि देशी एकेरी लाल जास्वंद एवढ्यावर सुरुवात करा. डबल पाकळ्यांची फॅन्सी जास्वंद दिसते भारी पण पाकळ्यांच्या गर्दीत पक्ष्याला मधापर्यंत पोचणं अवघड जातं. त्यात मग पावसाळ्यासाठी कर्दळ, जानेवारीत संक्रांतवेल जिचा नारिंगी पडदाच होतो, आणि तुमच्याकडं डाळिंब, शेवगा आहेतच.

ज्यांच्याकडं मोठी जागा किंवा शेत आहे त्यांनी पांगारा, पळस, काटेसावर लावा, शिशिरात बाकी सगळं वाळलेलं असतं तेव्हा हीच झाडं पक्ष्यांना जगवतात. पन्हाळ्याच्या, जोतिबाच्या वाटेवर उतारावर लाल फुलांची झुडपं बघितलीत का, धायटी ती, त्यावर पण शिंजीर हमखास. आणि पावसाळ्यात मुरुडशेंग, तिची विटकरी फुलं तर शिंजिरासाठीच घडवल्यासारखी वाकडी आहेत. घाणेरीवर पण पक्षी येतात, पण ती मुद्दाम लावू नका, डोंगरच्या डोंगर तिनं खाल्लेत.

फीडर मी एकदा शेजाऱ्यांकडं बघितलाय, माझं मत नको असं आहे. मार्चनंतर आपल्याकडं पाणी एका दिवसात आंबतं, मुंग्यांची रांग लागते, आणि मधमाश्या, गांधीलमाश्या इतक्या जमतात की पक्षीच जवळ येत नाही. तुमच्याकडं फुलं आहेत, मग कशाला? त्या फीडरमध्ये साधं पाणी पण भरू नका, त्याऐवजी उथळ मातीचं पसरट भांडं ठेवा, दोन बोटं पाणी. शिंजिराला आंघोळ फार आवडते, मी तर सकाळी झाडांच्या पानांवर पाण्याचा फवारा मारते, ओल्या पानांवर तो अंग घासतो, पिसं फुलवतो, ते बघत बसावंसं वाटतं.

आता जास्वंदीचा पांढरा रोग, तो पिठ्या ढेकूण. पाइपच्या जोरदार धारेनं आधी धुऊन काढा, पानांच्या मागून, शेंड्यातून. फार झालेला शेंडा सरळ कापून पिशवीत बांधून टाका. मग निंबोळी तेल ५ मिली, १ लिटर पाण्यात थोड्या लिक्विड सोपबरोबर, ऊन उतरल्यावर, उघड्या फुलांवर न मारता. मुंग्यांचा बंदोबस्त करा, कारण मुंग्याच त्या ढेकणांना राखतात. दुकानात इमिडाक्लोप्रिड नावाचं कीटकनाशक देतील, ते कृपा करून घेऊ नका, ते झाडाच्या रसात भिनतं आणि तिथून फुलातल्या मधात येतं, शिरोळच्या दादांनी जे सांगितलं ते शब्दशः खरं आहे.

एडिसन_ते_शाहूपुरी:

गच्चीवरच्या ताईंना अनुमोदन. आमच्याकडं सुद्धा जाणकार लोक हेच सांगतात की आधी फुलं, फीडर नंतर.

कळंबा_रोड:

वायरचा फोटो काढला लांबून, झूम करून. दार आहे! वर छप्पर पण! आणि थोडा वेळ थांबले तर ती पिवळट मादी चोचीत कापूस घेऊन आली. बल्बचं बटण टेप लावून बंद केलंय, गाडीच्या आरशांना मोजे घातलेत, सासूबाईंनी पोर्चकडचं मागचं दार वापरायचं नाही म्हणून सगळ्यांना बजावलंय.

हमेलिया कुठं मिळेल आणि आत्ता लावला तर चालेल का?

गच्चीवरची_बाग:

नर्सरीत सहज मिळतो पण विकत कशाला घेताय, फांदीवरून येतो. पेन्सिलीएवढ्या जाडीची, पिकलेली, वीतभर फांदी, खालची पानं काढून दोन डोळे मातीत जातील अशी लावायची, माती ओली ठेवायची पण चिखल नको, सावलीत. पहिला पाऊस झाला की लावलेल्या फांद्या सगळ्यात चांगल्या धरतात. नवीन पालवी जोमात वाढायला लागली की उन्हात न्यायची, ऊन नसेल तर फुलं कमी येतात.

मी येत्या रविवारी माझा छाटणार आहे, फांद्या ढीगभर निघतील. सकाळी आठला टाउन हॉल बागेच्या गेटजवळ घेऊन येते, ज्यांना हव्यात त्यांनी ओलं फडकं आणि पिशवी घेऊन या.

शिरोळचा_शेतकरी:

मी येतो. हादग्याचं बी आणतो, लागंल त्यानं घ्यावं.